मलिद्याचं ताट आणि राहून गेलेले आभार

कुणी आपलं काही भलं केलं की आम्ही गोव्यात ‘देव बरें करूं’ म्हणतो. मला हा शब्दप्रयोग लहानपणापासून आवडतो. ‘थँक्यू’सारखा तो कोरडा नाही, त्यात आशीर्वाद आहे. पण वय वाढलं तशी त्यातली एक पळवाटही मला दिसू लागली आहे. तुझं ऋण माझ्याच्याने फिटणार नाही, तेव्हा देवच काय ते बघून घेईल, असं म्हटलं की आपण मोकळे! घरच्यांना तर आपण तेवढंही म्हणत नाही. आईने पान वाढलं म्हणून उद्या मी तिचे आभार मानले तर ती माझ्या कपाळाला हात लावून बघेल आणि विचारेल, ‘तुका किदें जालां?’

आपल्या माणसांचे आभार काय मानायचे, ही आपली ठाम समजूत आहे. ती अर्धी खरी आहे, हे मला मान्य. उरलेल्या अर्ध्या भागाबद्दल आज लिहायचं आहे. त्यासाठी मला एका आजींकडे जावं लागेल आणि त्या आजी ज्यू होत्या.

१९८७ साली नोकरीसाठी मी ठाण्याला होतो. टेंभी नाक्याच्या बाजूला एका जुन्या इमारतीत खोली मिळाली होती. शेजारच्या बिऱ्हाडात आजी आणि त्यांचा मुलगा. आजींचं नेसणं नऊवारी, आडनाव शेवटी ‘कर’ असलेलं, बोलणं अलिबागकडचं. मी त्यांना कोकणातल्याच कुणी समजून चाललो होतो. मग एकदा त्यांच्या दाराच्या चौकटीवर तिरकी ठोकलेली एक लांबट डबी दिसली. शनिवारी त्यांच्याकडे चूल पेटत नाही, हेही लक्षात आलं. विचारलं तेव्हा म्हणाल्या, “आम्ही बेने इस्रायल. तुला ठाऊक नाही? कोपऱ्यावर आमची मशीद आहे.” त्यांची ‘मशीद’ म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, १८७९ सालचं ‘शार हाशामाइम’. बेने इस्रायली लोक आपल्या सिनेगॉगला मशीदच म्हणत आले आहेत.

बेने इस्रायलांची कथा मराठी वाचकांना थोडीफार माहीत असते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात जोडपी वाचली आणि त्यांचा वंश कोकणात वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. रोहेकर, पेणकर, किहीमकर, नवगावकर, दिवेकर अशी गावावरून आडनावं पडली. मातृभाषा मराठी. १८४६ साली मुंबईत त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी, हगादा, मराठी भाषांतरासह छापली गेली. १८७४ सालच्या पुण्याच्या आवृत्तीत तर बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका चक्क साड्या नेसून बसलेल्या आहेत!

आजींची एक सवय मला सुरुवातीला गमतीची वाटायची. पाण्याचा पेला तोंडाला लावण्याआधी त्या काहीतरी पुटपुटायच्या. केळं सोलताना वेगळं, भाकरी मोडताना आणखी वेगळं. एकदा विचारलंच, “आजी, सारखं काय म्हणता हो?”

“कुणी दिलं ते सांगते,” त्या म्हणाल्या.

“कुणाला सांगता?”

“माझं मलाच. नाहीतर विसरायला होतं रे.”

त्याच वर्षी पावसाळ्यात मला कावीळ झाली. घरापासून दूर, सव्वीस वर्षांचं वय, खोलीत एक स्टोव्ह आणि एक खाट. जवळजवळ सहा आठवडे आजींनी मला पाळलं. ‘पाळलं’ हाच शब्द बरोबर आहे. सकाळी पेज, दुपारी मऊ भात आणि ताक, संध्याकाळी उसाचा रस. आजींचा मुलगा कामावरून आला की मला रिक्षात घालून डॉक्टरकडे न्यायचा. एक दिवस डॉक्टर म्हणाले, आता सगळं खा. त्याच आठवड्यात आजींनी मला घरी बोलावलं.

मधल्या खोलीत एक मोठं ताट मांडलं होतं. भिजवलेले पोहे, त्यात गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा. भोवती फळं रचलेली, वर गुलाबाची फुलं. मुलाबरोबर मशिदीतली काही माणसं आली होती, डोक्यावर टोप्या घालून. त्यांनी हिब्रूत प्रार्थना म्हटली. ती एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाची. मग एकेक जिन्नस उचलून त्याचा त्याचा आशीर्वाद म्हटला. झाडाच्या फळाचा वेगळा, जमिनीतून येणाऱ्याचा वेगळा, गुलाब हुंगण्याआधी सुवासाचा वेगळा. त्यानंतर ताट सगळ्यांत वाटलं. याला मलिदा म्हणतात. लग्न ठरलं, नवं घर घेतलं, कुणी प्रवासातून सुखरूप आलं, दुखण्यातून उठलं की बेने इस्रायल मलिदा करतात. जगातल्या इतर ज्यूंकडे हा विधी नाही, तो कोकणातला आहे. अलिबागजवळच्या सागाव खंडाळ्याला एका खडकावर एलियाहू हनाबीच्या घोड्याच्या टापेची आणि रथाच्या चाकाची खूण आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे. नवस फेडायला लोक तिथे जातात.

“आजी, हे कशासाठी?” मी विचारलं.

“नवस बोलले होते तुझ्यासाठी. तू बरा झालास. मग सांगायला नको का?”

मी मलिदा खाल्ला, आणखी मागून घेतला आणि खोलीवर येऊन झोपलो. आभार मानावेत असं मनात आलंच नाही. आजी आपल्याच की! पुढच्या वर्षी बदली होऊन मी गोव्याला परत आलो. निघायच्या दिवशी आजी मुलीकडे गेल्या होत्या. खोलीतल्या सोबत्याला म्हटलं, “आजींना माझा नमस्कार सांग.” त्याने सांगितला की नाही, देव जाणे. पत्र लिहीन लिहीन म्हणत वर्षं गेली.

पुढे कधीतरी ज्यू परंपरेवरची पुस्तकं हाताला लागली आणि आजींचं पुटपुटणं म्हणजे काय होतं ते मला उलगडत गेलं. पहिला धक्का बसला तो ‘ज्यू’ या शब्दाचाच. हिब्रूत तो ‘येहुदी’, यहुदाच्या वंशातला. यहुदा हा याकोबाचा चौथा मुलगा. त्याची आई लेआ ही नवऱ्याची नावडती. चौथा मुलगा झाला तेव्हा तिने ठरवलं, या खेपेला परमेश्वराचे आभार मानायचे, आणि त्यावरूनच मुलाचं नाव ठेवलं. म्हणजे एका अख्ख्या समाजाच्या नावात आभार आहेत. ताल्मुदात एक मत असं आहे की जग निर्माण झाल्यापासून देवाचे आभार मानणारी पहिली व्यक्ती म्हणजे ही लेआ. मग चौथ्याच मुलाच्या वेळी का? जुन्या भाष्यकारांचा हिशेब मजेदार आहे. याकोबाला बारा मुलगे होणार, बायका चार, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला तीन. चौथा झाला तेव्हा लेआला कळलं की आपल्या वाट्यापेक्षा आपल्याला जास्त मिळालं आहे.

दुसरी गोष्ट व्याकरणाची. ज्या हिब्रू धातूवरून ‘आभार’ येतो, त्याच धातूवरून ‘कबूल करणे’ही येतं. ‘मोदे’ म्हणजे आभार मानणारा आणि कबुली देणाराही. हे वाचलं तेव्हा आपल्या मराठीकडे मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. आपणही आभार ‘देत’ नाही, ‘मानतो’. मानणं म्हणजे मान्य करणं. तुझ्यामुळे माझं चाललं, एकट्याने चाललं नसतं, एवढं मान्य करणं. आभार जड का जातात याचं उत्तर बहुधा इथेच आहे. आपल्याला उपकार खुपत नाहीत, खुपते ती कबुली.

ज्यू परंपरेत ही कबुली मनाच्या लहरीवर सोडलेली नाही. सकाळी डोळे उघडल्यावर, अंथरुणातच, हात धुण्याच्याही आधी ‘मोदे अनी’ ही दोन ओळींची प्रार्थना म्हणतात. माझा प्राण मला परत दिलास म्हणून आभार, असा तिचा भाव. हिब्रू वाक्यात आभाराचा शब्द आधी येतो, ‘मी’ नंतर. त्यानंतर शौचाला जाऊन आल्यावर म्हणायची एक प्रार्थना आहे. हो, चुकून लिहिलेलं नाही! शरीरात किती छिद्रं आणि किती पोकळ्या आहेत, त्यातलं एक जरी नको तेव्हा उघडलं किंवा नको तेव्हा बंद झालं तर माणूस उभा राहू शकणार नाही, अशा अर्थाची. आपल्याकडच्या सोवळ्या मनाला हे विचित्र वाटेल. पण ज्याच्या घरात डायलिसिसवर कुणी आहे, त्याला या प्रार्थनेत विचित्र काही वाटणार नाही. कावीळ झालेल्या मलाही वाटलं नाही.

खाण्यापिण्याचे आशीर्वाद तर किती बारकाईचे! भाकरीचा निराळा, द्राक्षरसाचा निराळा. झाडाच्या फळाचा एक आणि जमिनीतून उगवणाऱ्याचा दुसरा. मग प्रश्न पडतो, केळं कुठे घालायचं? धर्मशास्त्र सांगतं, केळ हे झाड नव्हे. घड आला की तिचा खांब संपतो, म्हणून केळ्याला जमिनीचा आशीर्वाद. नारळ मात्र झाडाचा. कुळागरवाल्या माणसाला हे लगेच पटेल. हा कीस कशासाठी, असं कुणी म्हणेल. मला वाटतं, आशीर्वाद म्हणायच्या निमित्ताने खाणाऱ्याला क्षणभर थांबावं लागतं आणि ताटातली वस्तू कुठून आली हे बघावं लागतं, यासाठी. ताल्मुद याहून कडक आहे. आशीर्वाद न म्हणता या जगातलं काही उपभोगणं म्हणजे देवाच्या मालमत्तेची अफरातफर, असं तिथे बजावलं आहे.

रब्बी मेईर यांच्या नावावर असं वचन आहे की माणसाने दिवसाला शंभर आशीर्वाद म्हणावेत. नित्याच्या तीन प्रार्थनांतल्या मुख्य भागात प्रत्येकी एकोणीस, म्हणजे सत्तावन्न तिथेच होतात. उरलेले खाण्यापिण्यात आणि दिवसभरात. शब्बाथला ही प्रार्थना आखूड असते, आकडा कमी पडतो. मग लोक जास्तीची फळं खाऊन आणि सुवासिक वस्तू हुंगून तो भरून काढतात. आभार कमी पडले म्हणून गुलाब हुंगायचा, ही कल्पनाच मला फार गोड वाटते.

जेवणानंतरची प्रार्थना मात्र मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बायबलच्या अनुवाद या पुस्तकात आज्ञा आहे की खाऊन तृप्त झाल्यावर परमेश्वराचे आभार मान. भुकेला माणूस हात जोडतोच. पोट भरलेल्याने जोडायचे, ही अट आहे. तिचं कारण त्याच अध्यायात पुढे येतं. तू पोटभर जेवशील, चांगली घरं बांधशील, गुरंढोरं आणि सोनंनाणं वाढेल, मग तुझं मन फुगेल आणि तू म्हणशील की हे सगळं माझ्या मनगटाच्या जोरावर मी मिळवलं. हा धोका गरिबाला नाही, आपल्यासारख्यांना आहे. जमीन विकून फ्लॅट घेतलेल्या आणि मुलं परदेशी पाठवलेल्या आपल्या पिढीला हा अध्याय कुणीतरी वाचून दाखवायला हवा.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. रोज शंभर वेळा म्हटलं की त्याची पोपटपंची होणार नाही का? होते. ज्यू गुरूंनीही सवयीच्या प्रार्थनेवर सडकून टीका केली आहे. पण दुसरी बाजू पाहा. मनापासून वाटेल तेव्हाच आभार मानायचे असं ठरवलं, तर किती वेळा मानले जातील? माझ्यापुरतं उत्तर मला ठाऊक आहे. आजींच्या घरी मलिदा खाताना मला मनापासून काहीच वाटलं नव्हतं. कृतज्ञता वाटायला मला काही वर्षं लागली, आणि तोवर सांगायचं माणूस हातचं गेलं. शंभरातले नव्याण्णव आशीर्वाद तोंडदेखले गेले तरी शंभरावा जेव्हा खरा उमटायचा असतो, तेव्हा तोंडाला शब्द तयार असतात. रियाज यासाठीच करतात.

आता देवाचं सोडू, माणसांकडे येऊ. हिब्रूत ‘हाकारात हातोव’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ, झालेलं भलं ओळखणं. त्याची एक कथा मोझेसची आहे. इजिप्तवर दहा संकटं आली. त्यातली पहिली, नाईलच्या पाण्याचं रक्त होण्याची. पण नाईलवर काठी मोझेसने मारली नाही, त्याचा भाऊ अहरोनाने मारली. का? तान्हा असताना मोझेसला टोपलीत घालून याच नदीत सोडलं होतं आणि नदीने त्याला सांभाळलं होतं. धुळीवर काठी मारायची वेळ आली तेव्हाही अहरोनच पुढे झाला, कारण त्याच मातीने एकदा मोझेसने मारलेल्या इजिप्शियनाचं प्रेत झाकून त्याला वाचवलं होतं. पाण्याला आणि धुळीला काय कळतं? काहीच नाही. पण ज्याला निर्जीव वस्तूंचंही मिंधेपण आठवतं, तो माणसांच्या बाबतीत खाल्ल्या घरचे वासे मोजणार नाही.

बेन झोमा नावाचे एक जुने ज्ञानी होते. त्यांनी चांगला पाहुणा आणि वाईट पाहुणा यांतला फरक सांगितला आहे. चांगला म्हणतो, यजमानाने माझ्यासाठी किती केलं, किती पदार्थ, किती खटाटोप! वाईट म्हणतो, त्याने जे केलं ते आपल्या बायकामुलांसाठीच केलं, मी आपला त्यातला एक तुकडा खाल्ला. मला हा वाईट पाहुणा चांगलाच ओळखीचा आहे. ‘डॉक्टरने पैसे घेतले की!’ ‘मास्तरला पगार होता.’ ‘सरकार देतं, खिशातून देतो काय?’ हे सगळे त्याचेच उद्गार. हेच बेन झोमा भाकरीचा घास घेताना मनात मोजत असत की पहिल्या माणसाला एका भाकरीसाठी नांगरणी, पेरणी, कापणी, मळणी, दळण अशी किती कामं एकट्याने करावी लागली असतील. आणि मी सकाळी उठतो तो सगळं तयार!

आणखी एक बारीक गोष्ट माझ्या फार जिव्हारी लागली. सिनेगॉगमध्ये प्रार्थनेचा पुढारी मोठ्याने प्रार्थना म्हणतो आणि लोक ‘आमेन’ म्हणतात. म्हणजे मागणं दुसऱ्यामार्फत चालतं. पण ‘मोदीम’ हा आभाराचा भाग आला की प्रत्येक जण आपापले शब्द स्वतः पुटपुटतो. त्याचं कारण असं देतात की मागायला वकील चालतो, आभार मानायला चालत नाही. मी खोलीतल्या सोबत्याकडे निरोप ठेवून आलो होतो!

गोव्याच्या वाचकांसाठी यातला एक मुद्दा अडचणीचा आहे, तो टाळणं बरं नव्हे. अनुवादातच अशी आज्ञा आहे की इजिप्शियनाचा तिरस्कार करू नकोस, कारण तू त्याच्या देशात परका म्हणून राहिला होतास. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गुलाम करून विटा पाडायला लावल्या, मुलगे नदीत बुडवले, त्यांच्याबद्दल ही आज्ञा! आणि तीच परंपरा दरवर्षी वल्हांडणाच्या रात्री मुलाबाळांना समोर बसवून, कडू पाला खाऊ घालून त्या गुलामीची गोष्ट सांगते. काही विसरत नाही. दुष्काळात इजिप्तने आसरा दिला ही जमेची बाजू, आणि गुलाम केलं ही दुसरी. जमेमुळे गुन्हा माफ होत नाही आणि गुन्ह्यामुळे जमा खोडली जात नाही.

आम्हा गोमंतकीयांना हे अजून साधलेलं नाही. पोर्तुगीजांचा विषय निघाला की आम्ही दोन फळ्यांत उभे राहतो. एका फळीला फक्त पाडलेली देवळं आणि इन्क्विझिशन दिसतं, दुसरीला फक्त छापखाना आणि समान नागरी कायदा. पहिल्या फळीची जखम खरी आहे, माझे पूर्वजही देव घेऊन नदीपार गेलेले. पण एका वहीत दोन रकाने ठेवता येतात, हे आम्हाला पटत नाही.

याच वहीत गोव्यातल्याच एका ज्यू वंशाच्या माणसाचं नाव आहे. पणजीत चर्चच्या चौकातली जी बाग, तिला गार्सिया द ओर्ता याचं नाव आहे. हा वैद्य धर्मांतर करावं लागलेल्या ज्यू घराण्यातला. १५३४ साली तो इथे आला. आपल्याकडच्या औषधी, मसाले, फळं यांच्यावरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. या विषयाचं ज्ञान युरोपात पोचवणाऱ्या पहिल्या पुस्तकांपैकी ते एक. १५६८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारीनाला, इन्क्विझिशनने जाळलं. १५८० साली त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळली. आरोप हाच की हे घराणं छुपेपणाने ज्यू राहिलं. त्या काळी गोव्यात ज्या आभाराच्या प्रार्थना आजी मोठ्याने म्हणत, त्या कुजबुजल्या तरी जीव जाऊ शकत होता. बागेला नाव देऊन आपण त्याचं ऋण थोडं मानलं, हे चांगलं झालं. आता त्या बाकांवर बसणाऱ्या किती जणांना तो कोण हे ठाऊक आहे, तेवढं विचारून पाहा.

ज्यूंनी हे काम नाव देऊन सोडून दिलं नाही. हिटलरच्या संहारात साठ लाख ज्यू मारले गेले. त्या काळात ज्या बिगरज्यूंनी जीव धोक्यात घालून ज्यूंना वाचवलं, त्यांना शोधून त्यांचा सन्मान करण्याचं काम जेरुसलेमची याद वाशेम ही संस्था १९६३ पासून करते आहे. पुरावे तपासले जातात, साक्षी घेतल्या जातात, मोबदला न घेता केलं का हे पाहिलं जातं आणि मग नाव कोरलं जातं. आजवर अठ्ठावीस हजारांहून अधिक नावं झाली आहेत. कुणी शेतकरीण, कुणी धर्मगुरू, कुणी वकिलातीतला अधिकारी. ज्या समाजाला सूड घ्यायला अख्खा खंड होता, त्याने उपकार करणाऱ्यांची यादी करायला माणसं नेमली! कृतज्ञता ही नुसती भावना असती तर ती वाचलेल्या पिढीबरोबर संपली असती. तिचं दफ्तर ठेवलं म्हणून ती टिकली.

आमच्या बाजूला याचं एक जुनं उदाहरण आहे. इंग्रजांच्या फौजेतला बेने इस्रायली अधिकारी सॅम्युएल इझिकेल दिवेकर म्हैसूरच्या लढाईत टिपूचा कैदी झाला. सुटका झाली तर प्रार्थनामंदिर बांधीन, असा त्याने संकल्प केल्याचं सांगतात. ताल्मुदाप्रमाणे चार जणांनी जाहीर आभार मानलेच पाहिजेत. समुद्र ओलांडून आलेला, वाळवंट पार केलेला, आजारातून उठलेला आणि कैदेतून सुटलेला. दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत मांडवीला ‘शार हारहामीम’, म्हणजे दयेचं द्वार, बांधलं. मुंबईतलं ते पहिलं सिनेगॉग. रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट नाव पडलं आणि लोकलच्या मस्जिद स्टेशनचं नावही या मशिदीवरून आलं असं सांगतात. त्या स्टेशनवर रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या किती जणांना आपण एका सुटलेल्या कैद्याच्या आभारावरून चाललो आहोत हे माहीत असेल?

हल्ली कृतज्ञतेचा बराच बोलबाला आहे. रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा, झोप चांगली लागेल, मन शांत राहील. लिहा बापडे, वाईट काही नाही. पण त्यात आभार मानायचे ते स्वतःच्या झोपेसाठी! ज्याने भलं केलं त्याला पत्ताच नाही. आजींच्या परंपरेत कृतज्ञता हे औषध नव्हे, देणं आहे. आणि देणं ज्याचं त्याला पोचवावं लागतं. आपल्याकडेही देवऋण, ऋषिऋण, पितृऋण म्हटलं आहेच. आपण ते इतकं मोठं करून ठेवलं की शेजारच्या आजींचं ऋण त्यात कुठे लिहायचं ते कळेनासं झालं.

शिवाय ही कृतज्ञता लाचारी नव्हे. हीच माणसं देवाशी भांडतातही. अब्राहामाने सदोमसाठी देवाशी घासाघीस केली, ईयोबाने तर जाब विचारला. मृत्यूची बातमी आली की म्हणायचा शब्दही निराळा आहे. त्यात देवाला खरा न्यायाधीश म्हणतात, बरं झालं असं म्हणत नाहीत. गप्प बसवण्यासाठी आभार मानायला लावणं, ही मालकांची युक्ती. तिचा याच्याशी संबंध नाही.

पंधराएक वर्षांपूर्वी कामासाठी मुंबईला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम ठाण्याला उतरलो. ती इमारत पाडून तिथे मोठी इमारत उभी होती. सिनेगॉगच्या दाराशी चौकशी केली. तिथल्या गृहस्थांना आजी आठवत होत्या. म्हणाले, मुलगा इस्रायलला गेला, आजीही गेल्या आणि तिकडेच वारल्या. मी काही बोललो नाही. त्यांनी विचारलं, “तुमच्या कोण लागत होत्या?” काय सांगणार? म्हटलं, “मी त्यांच्याकडे मलिदा खाल्ला होता.” ते हसले. त्यांना तेवढं पुरेसं होतं.

भारतात ज्यू आता पाच हजारसुद्धा नाहीत, आणि त्यातले बहुतेक बेने इस्रायल. बाकीचे १९४८ नंतर हळूहळू इस्रायलला गेले. तिकडेही त्यांच्या घरांतून मलिदा होतो.

तर हे लिहिणं म्हणजे वकिलामार्फत पाठवलेलं पत्रच आहे, नियमात न बसणारं. ज्यांना पोचायला हवं होतं त्यांना ते पोचणार नाही. तुमच्या ओळखीत अशा कुणी आजी, मास्तर, कंपाउंडर, जुने शेजारी अजून असतील तर आज फोन करा, जमलं तर जाऊनच या. ‘त्यांना माझा नमस्कार सांग’ एवढ्यावर भागवू नका.

मी घरापासून सुरुवात केली आहे. आमच्याकडे पहाटे पोदेर येतो, सायकलचा भोंगा वाजवत. वीस वर्षं मी त्याच्याकडून उंडे घेतो. परवा बेन झोमांची आठवण झाली. हा माणूस कधी उठत असेल, भट्टी कधी पेटत असेल! पैसे देताना त्याच्याकडे नीट बघून म्हटलं, “देव बरें करूं.”

तो थबकला. हातातली नाणी परत मोजली आणि म्हणाला, “किदें जालें? सुटे चड दिले?”